अपघातांच्या आकड्याखालचा छेद : रस्त्यावरची रहदारी का आणि कशी मोजतात?

"डॉक्टर, हेल्मेट घातलेली माणसंही मरतातच ना? मग घालून काय उपयोग?"

अपघात विभागात काम करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. वरवर पाहता त्यात तथ्य आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती. यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, अशी नोंद आहे. म्हणजे उरलेल्या जवळपास २५ हजार जणांबाबत अशी नोंद नाही. मग हेल्मेटने नक्की काय वाचवले?

या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालातही सापडत नाही. ते मिळवायचे तर रस्त्याच्या कडेला उभे राहून, काहीही न होता सुखरूप घरी पोचलेली माणसे मोजावी लागतात. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो : वर अंश, खाली छेद. अपघातात सापडलेले म्हणजे अंश आणि रस्त्यावरून गेलेले सगळे म्हणजे छेद. नुसता अंश पाहून धोका किती हे सांगता येत नाही. साथीच्या रोगात "शंभर रुग्ण" म्हटले की आपण लगेच विचारतो, "किती लोकसंख्येत?" रस्त्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला नाही.

हा छेद मोजायला माणसाने केव्हा, कशासाठी सुरुवात केली, आणि डॉक्टर त्यात कसे आले, याचा इतिहास आज पाहू.

आधी काळजी रस्त्याची, माणसाची नव्हे

रहदारीची पद्धतशीर मोजणी मोटारीच्या बऱ्याच आधीची आहे. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात सरकारी अभियंत्यांनी मोठ्या रस्त्यांवर मोजणी सुरू केली. तेव्हा ते गाड्या मोजत नसत, गाडीला जुंपलेली जनावरे मोजत. घोड्याच्या गळ्यातला पट्टा हे त्यांचे एकक होते. दोन घोड्यांची गाडी गेली की दोन पट्टे. कारण सरळ होते. जितकी जनावरे जास्त, तितके ओझे जास्त आणि तितकी रस्त्याची झीज जास्त. खडी कुठे, किती टाकायची हे ठरवण्यासाठी ही मोजदाद होती.

त्याच काळात शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८४५ मध्ये एक नकाशा काढला. दिजाँ ते म्युलूझ हा लोहमार्ग जिथून जायचा होता, त्या भागातल्या रस्त्यांवरून किती प्रवासी जातात हे त्याने रेषेच्या जाडीतून दाखवले. जिथे प्रवासी जास्त तिथे रेषा जाड. आज मोबाइलवरच्या नकाशात लाल-पिवळे रस्ते पाहताना ही कल्पना आपल्याला नवी वाटत नाही, पण तिचे मूळ इतके जुने आहे.

या मोजणीत माणसाच्या जिवाचा हिशेब नव्हता. रस्ता किती झिजेल आणि पुढे किती रुंद लागेल, एवढेच दोन प्रश्न होते.

जयकर समिती आणि आपल्याकडची वाहतूक गणना

भारतात मोटारी आणि बसगाड्या वाढू लागल्या तसे सरकारला रस्त्यांकडे लक्ष द्यावे लागले. १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारावा, ही या समितीची महत्त्वाची शिफारस होती. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. नाव काँग्रेस असले तरी तिचा राजकारणाशी संबंध नाही. देशातला रस्ता कसा बांधावा, फलक कुठे लावावा, याचे नियम आजही हीच संस्था लिहिते.

शहराबाहेरच्या रस्त्यांवरची वाहतूक कशी मोजावी, याची मार्गदर्शक पुस्तिका या संस्थेने १९७२ मध्ये काढली. त्यातल्या सूचना वाचताना आपला देश डोळ्यांपुढे उभा राहतो. मोजणी वर्षातून दोनदा करायची : एकदा सुगीच्या दिवसांत, बाजारात माल येतो तेव्हा, आणि एकदा मंदीच्या दिवसांत. प्रत्येक वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस. आसपास जत्रा असेल तर ते दिवस टाळायचे, नाहीतर आकडा फुगतो.

रस्त्याकडेला खुर्ची टाकून, हातात तक्ता घेऊन बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. ती पाळ्या बदलत दिवसरात्र बसतात. तक्त्यात प्रत्येक तासाला वाहनाच्या प्रकारानुसार रकाने असतात : कार, बस, ट्रक, दुचाकी, सायकल, बैलगाडी. एक वाहन गेले की एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. पाच-पाचचे गठ्ठे झाले की बेरीज सोपी.

पण कार आणि बैलगाडी एकाच मापाने कशी मोजायची? त्यासाठी प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत वजन दिले जाते. रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या तक्त्यात ग्रामीण रस्त्यांसाठी कार म्हणजे १, मोटारसायकल ०.५, सायकल ०.५, बस किंवा ट्रक ३ आणि मोठी बैलगाडी तब्बल ८. बैलगाडी आठ कारइतकी मोठी नसते, पण तिच्यामागे आठ गाड्या खोळंबतात. म्हणजे इथे मोजले जाते ते रस्ता अडवण्याचे प्रमाण. पायी चालणाऱ्या माणसाला या तक्त्यात आकडाच नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे यायचे आहे.

अंधारातले ९,१६९ मृत्यू

आता ब्रिटनकडे वळू, कारण तिथे १९२६ पासून रस्त्यावरच्या मृत्यूंचे देशव्यापी आकडे उपलब्ध आहेत. त्या वर्षी ४,८८६ माणसे दगावली. मोटारी वाढत गेल्या तसा आकडाही वाढत गेला. १९३४ मध्ये तो ७,३४३ होता. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की गाड्या वाढल्या की मृत्यू वाढणारच.

मग दुसरे महायुद्ध आले. सप्टेंबर १९३९ पासून पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळू लागले. खासगी मोटारी घरात बसल्या. समजुतीप्रमाणे मृत्यू घटायला हवे होते. झाले उलटेच. १९३८ मध्ये ६,६४८ मृत्यू होते, ते १९४१ मध्ये ९,१६९ वर गेले. ब्रिटनच्या इतिहासातला तो उच्चांक आहे. आजही तो मोडलेला नाही. तिथली रहदारी तेव्हाच्या अनेक पटींनी वाढली आहे, तरी अलीकडच्या वर्षांत तिथले मृत्यू १,६०० ते १,७०० च्या आसपास आहेत.

युद्धकाळात काय झाले होते? हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री पूर्ण अंधार पाळला जाई. रस्त्यावरचे दिवे बंद, गाड्यांचे दिवे झाकलेले. चालकाला माणूस दिसत नसे आणि माणसाला गाडी दिसत नसे. नंतर पदपथांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या गेल्या, रात्रीसाठी वेगमर्यादा आणली गेली. अंश वाढला आणि त्याच वेळी छेद घटला, म्हणजे दर मैलामागचा धोका मृत्यूंच्या आकड्यापेक्षाही जास्त वाढला होता. हे फक्त मृत्यू मोजून कळले नसते.

याच काळात ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करत होते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होते. १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटच्या महत्त्वावर लेख लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. १९४६ मध्ये केर्न्स यांनी युद्धकाळातल्या मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा महिनावार आलेख छापला. सक्तीनंतर तो खाली उतरताना दिसतो.

इथे कोणीही शहाणा वाचक विचारील : पेट्रोलच मिळत नव्हते, मग मोटारसायकलीच कमी धावत असतील तर? शंका रास्त आहे. केवळ मृत्यूंच्या आलेखातून तिचे पूर्ण निरसन होत नाही. हेल्मेटच्या बाजूचा भक्कम पुरावा पुढे वेगळ्या अभ्यासांतून आला. सर्वसामान्य ब्रिटिश स्वारांसाठी हेल्मेटसक्ती यायला १९७३ उजाडले. केर्न्स यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी.

डॉक्टर आणि संशोधक रस्त्यावर उतरतात

मग छेद मिळवायचा कसा? अमेरिकेतल्या काही संशोधकांनी त्याला साधे उत्तर शोधले : रस्त्यावर जाऊन उभे राहायचे.

१९३८ मध्ये इव्हॅन्स्टन शहरातला एक अभ्यास अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेले २७० चालक एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रस्त्यावरून सुखरूप जाणारे १,७५० चालक, ज्यांना थांबवून तपासले गेले. जखमी चालकांपैकी ४७ टक्के जणांनी मद्य घेतलेले होते. रस्त्यावरच्या इतर चालकांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. नुसते "जखमींपैकी ४७ टक्के प्यायलेले" एवढे सांगितले असते, तर कोणी म्हणाले असते, "त्या रात्री सगळेच प्यायले असतील." १२ टक्क्यांच्या आकड्याने ही पळवाट बंद केली.

१९६१ मध्ये विल्यम हॅडन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात पायी चालणाऱ्यांचा अभ्यास केला. गाडीखाली येऊन दगावलेल्या ५० प्रौढांची ठिकाणे त्यांनी घेतली. नंतर त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी जाऊन, मृत व्यक्ती स्त्री असेल तर स्त्रिया आणि पुरुष असेल तर पुरुष, असे तिथून चाललेले चार-चार प्रौढ थांबवून त्यांची माहिती घेतली. तुलना केल्यावर दिसले की मरण पावलेल्यांमध्ये वयस्कर माणसे जास्त होती आणि मद्य घेतलेलेही जास्त होते. वृद्ध माणूस रस्ता ओलांडताना जास्त धोक्यात असतो हे आपल्याला अंदाजाने माहीत असते. हॅडन यांनी ते मोजून दाखवले. हेच हॅडन १९६६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले.

त्यानंतरचा मोठा अभ्यास ग्रँड रॅपिड्स शहरातला, १९६२-६३ चा. तो करणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन पूर्वी पोलीस खात्यात होते. श्वासातून मद्य मोजणारे सुटसुटीत यंत्र त्यांनीच १९५४ मध्ये बनवले होते. अपघातात सापडलेले सुमारे सहा हजार चालक आणि तशाच ठिकाणी, तशाच वेळी सुखरूप जाणारे सुमारे साडेसात हजार चालक त्यांनी तपासले. रक्तातले मद्याचे प्रमाण वाढत गेले तशी अपघाताची जोखीम झपाट्याने चढत गेलेली दिसली. "दोन पेगने काही होत नाही" या समजुतीला हे आकड्यांतले उत्तर होते. ब्रिटनने १९६७ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा आणली, त्यामागे अशा अभ्यासांचे बळ होते. भारतात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

या तिन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. निर्णायक माहिती ज्यांना काहीही झाले नाही अशा माणसांकडून मिळाली.

रबरी नळीपासून कॅमेऱ्यापर्यंत

माणसाने बसून मोजण्याला मर्यादा आहेत. झोप येते, पाऊस येतो, रात्री दिसत नाही. म्हणून यंत्रे आली. सगळ्यांत साधे यंत्र म्हणजे रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी. चाक तिच्यावरून गेले की आतली हवा दाबली जाते आणि कडेच्या पेटीत एक आकडा पुढे सरकतो. दोन नळ्या ठरावीक अंतरावर टाकल्या तर वेगही कळतो. दुसरी पद्धत म्हणजे डांबराखाली पुरलेले तारेचे वेटोळे. त्यातून वीज वाहत असते. वरून लोखंडी धूड गेले की विजेच्या प्रवाहात फरक पडतो. त्यानंतर रडार आले, कॅमेरे आले. आता टोलनाक्यावरचा फास्टॅगही एका परीने मोजणीच करतो.

आपल्या रस्त्यांवर यातली बरीच यंत्रे गोंधळतात. एका मार्गिकेत एकामागे एक गाड्या, असे गृहीत धरून ती बनवलेली असतात. आपल्याकडे एका कारच्या रुंदीत तीन दुचाकी शेजारी-शेजारी जातात आणि मधूनच रिक्षा घुसते. म्हणून चित्रीकरण करून नंतर माणसांनी मोजणे अजूनही चालते.

या मोजणीचा उपयोग कसा होतो ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. दोन रस्ते, दोन्ही २० किलोमीटर लांब. पहिल्यावरून रोज सरासरी १०,००० वाहने जातात, दुसऱ्यावरून २,५००. पहिल्यावर वर्षात १२ मृत्यू झाले, दुसऱ्यावर ६. वर्तमानपत्र पहिल्याला "मृत्यूचा सापळा" म्हणेल. आता छेद काढू. वाहने गुणिले किलोमीटर गुणिले ३६५ दिवस. पहिल्या रस्त्यावर वर्षाला ७ कोटी ३० लाख वाहन-किलोमीटर, म्हणजे एक कोटीमागे सुमारे १.६ मृत्यू. दुसऱ्यावर १ कोटी ८२ लाखांच्या आसपास, म्हणजे एक कोटीमागे सुमारे ३.३. प्रवाशाच्या दृष्टीने दुसरा रस्ता दुप्पट धोक्याचा आहे.

याचा अर्थ पहिल्या रस्त्याकडे दुर्लक्ष करावे असा नाही. जिथे जास्त माणसे मरतात तिथे सुधारणा केली तर जास्त जीव वाचतात. आपल्याकडे 'ब्लॅक स्पॉट' ठरवताना हाच विचार असतो : राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. या व्याख्येत रहदारीचा आकडा नाही. त्यामुळे वर्दळीची ठिकाणे यादीत लवकर येतात आणि आडवाटेचे जीवघेणे वळण मागे राहू शकते. म्हणून दोन्ही आकडे हवेत.

आता हेल्मेटकडे परत

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. समजा, एका शहरात एक लाख दुचाकीस्वार आहेत. ८० हजार हेल्मेट घालतात, २० हजार घालत नाहीत. वर्षात हेल्मेटवाले ४० दगावले आणि बिनहेल्मेटवाले २०. "बघा, हेल्मेटवालेच जास्त मेले!" असे कोणी म्हणेल. पण ८० हजारांत ४० म्हणजे दहा हजारांत ५. आणि २० हजारांत २० म्हणजे दहा हजारांत १०. हेल्मेट नसेल तर धोका दुप्पट.

हे आकडे समजावण्यापुरते आहेत. खरे उत्तर हवे असेल तर अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला आहे. अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हेल्मेटने मृत्यू शून्यावर येत नाहीत, पण डोके वाचण्याची शक्यता खूपच वाढते. डोक्याच्या जखमेतून वाचलेल्या माणसाची पुढची दहा वर्षे ज्या घराने पाहिली आहेत, त्याला या ६९ टक्क्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

टाळेबंदीतले रिकामे रस्ते

युद्धकाळातल्या ब्रिटनसारखा अनुभव आपण २०२० मध्ये घेतला. टाळेबंदीत रस्ते ओस पडले. २०१९ मध्ये ४,४९,००२ अपघात आणि १,५१,११३ मृत्यू होते. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ आणि मृत्यू १,३१,७१४ झाले. दोन्ही घटले, पण सारख्या प्रमाणात नाही. २०१९ मध्ये दर शंभर अपघातांमागे साधारण ३४ मृत्यू होत, २०२० मध्ये ३६ झाले. अपघात कमी झाले, पण झालेला अपघात अधिक जीवघेणा ठरला.

रिकाम्या रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो, हे प्रत्येक चालकाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून वाहनांच्या संख्येबरोबर वेगाचीही नोंद ठेवावी लागते. कोंडीत आपण वैतागतो, पण पहाटेच्या मोकळ्या महामार्गावर जास्त सावध राहायला हवे.

अपघात न होताही

रहदारीचा आरोग्याशी संबंध फक्त अपघातापुरता नाही. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोठ्या महामार्गांजवळ राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता तपासली आणि शेजारच्या रस्त्यावरच्या वाहनांच्या मोजणीशी तिची सांगड घातली. ट्रक जास्त असलेल्या रस्त्यांजवळच्या मुलांची फुप्फुसे कमी क्षमतेची आढळली. कारच्या संख्येशी हा संबंध तितका ठळक नव्हता.

गणना करणाऱ्याने ट्रक आणि कार वेगळ्या रकान्यांत लिहिल्या नसत्या, तर हे कधीच कळले नसते. मुलाला दमा असेल तर त्याची खोली रस्त्याच्या बाजूला नको, सकाळी ट्रकच्या वर्दळीच्या रस्त्याने धावायला जाऊ नका, असे डॉक्टर सांगतात, त्यामागे अशी मोजणी आहे.

जे मोजले जात नाहीत

आता तक्त्यात आकडा नसलेल्या त्या पादचाऱ्याकडे येऊ. २०२२ मध्ये भारतात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर दगावले. मरणाऱ्या दर पाच जणांत जवळपास एक.

पादचारी अजिबात मोजला जात नाही असे नाही. झेब्रा क्रॉसिंग द्यायचे की नाही हे ठरवायला रोड्स काँग्रेसचे एक सूत्र आहे. तासाला रस्ता ओलांडणारी माणसे गुणिले तासाला जाणाऱ्या वाहनांच्या संख्येचा वर्ग. उत्तर दहा कोटींपेक्षा जास्त आले तर क्रॉसिंग द्यावे. तासाला हजार वाहने असतील तर किमान शंभर माणसांनी ओलांडायला हवे.

पण ज्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात तिथे आजी-आजोबा ओलांडायला येतच नाहीत. मंदिर पलीकडे असेल तर मंदिर सोडतात, दवाखाना पलीकडे असेल तर पुढच्या आठवड्यावर टाकतात. मोजणारा म्हणतो, "इथे कोणी ओलांडत नाही." धोका जितका जास्त, तितकी गणना कमी, आणि गणना कमी म्हणून क्रॉसिंग नाही. हे दुष्टचक्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही. त्यासाठी पलीकडच्या घरांत जाऊन विचारावे लागते.

वरच्या आकड्यातही गळती आहे. भारताने २०१६ साठी १,५०,७८५ मृत्यू नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता २,९९,०९१. अंदाज म्हणजे मोजणी नव्हे, हे मान्य. पण एवढी तफावत असेल तर नोंदीत काही ना काही सुटते आहे हे नक्की. खालचा छेदही पक्का नाही. दर दहा हजार नोंदणीकृत वाहनांमागे मृत्यू घटले, असे आपण वाचतो. त्या नोंदणीत भंगारात गेलेली, वर्षानुवर्षे रस्त्यावर न आलेली वाहनेही असतात. छेद फुगला की धोका कागदावर आपोआप कमी दिसतो.

तुम्ही काय करू शकता?

• अपघाताचा रुग्ण आणला की नातेवाईक अनेकदा पोलिसांची कटकट नको म्हणून "घरात पडला" असे सांगतात. तसे करू नका. उपचार चुकू शकतात, विम्याची भरपाई अडते आणि देशाच्या आकड्यातून एक अपघात गायब होतो.

• हेल्मेट होते का, पट्टा लावला होता का, मद्य घेतले होते का, या प्रश्नांची खरी उत्तरे द्या. डॉक्टर न्यायाधीश नाहीत. त्यांना डोके, मान की पोट आधी तपासायचे ते ठरवायचे असते.

• अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती होऊ शकत नाही. १०८ ला फोन करा.

• तुमच्या भागात ओलांडायला क्रॉसिंग हवे असेल तर अर्जासोबत आकडे द्या. सोसायटीतल्या चार जणांनी सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसून माणसे आणि वाहने मोजा. भीतीने ओलांडणे सोडलेल्या ज्येष्ठांची यादीही जोडा. पाचवी रेघ आडवी मारायची, एवढेच तंत्र आहे.

• आणि दुचाकीवर बसताना मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घाला. वर सांगितलेल्या ५०,०२९ मृतांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते.